विश्लेषण : साथ रोगजंतूंमुळे पसरते की गरिबीमुळे? जर्मनीतील वादाच्या केंद्रस्थानी असलेले रुडॉल्फ विर्शो कोण होते?

नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते, एवढ्या एका ओळीपुरते रुडॉल्फ विर्शो हे नाव शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात येते. जर्मनीत त्यांची दुसरी ओळखही तितकीच पक्की आहे. ४० वर्षांहून अधिक काळ बर्लिनचे नगरसेवक, बिस्मार्क यांचे कट्टर विरोधक आणि साथरोगांबद्दल थेट सरकारला जाब विचारणारे डॉक्टर. साथीचे खापर कोणावर फोडायचे, रोगजंतूंवर की माणसांच्या हलाखीवर, या वादात ते कधी काळाच्या खूप पुढे होते, तर कधी बरेच मागे.

सायलेशियातील साथीने काय घडवले?

विर्शो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील शिव्हेलबाइन या छोट्या गावात झाला. आता ते पोलंडमध्ये आहे. लष्कराच्या खर्चाने बर्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण झाले, पुढे शारिते रुग्णालयात काम मिळाले. फेब्रुवारी १८४८ मध्ये प्रशिया सरकारने त्यांना अपर सायलेशियात टायफसच्या साथीची पाहणी करायला धाडले. तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. बटाट्याचे पीक बुडालेले, लोक उपाशी, एकेका कोंदट खोलीत अख्खे कुटुंब. बहुतेक गरीब पोलिश बोलणारे, तर कारभार जर्मन भाषेत.

सुमारे तीन आठवडे फिरून ते परतले. सरकारची अपेक्षा वैद्यकीय अहवालाची होती. विर्शो यांनी मात्र औषधांपेक्षा लोकशाही, शिक्षण, पोलिश भाषेला मान्यता, रस्ते, शेतीत सुधारणा आणि गरिबांवरचा करभार कमी करण्याची शिफारस केली. टायफस उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी दाखवले ते १९०९ मध्ये. म्हणजे रोगाचे कारण माहीत नसतानाही विर्शो यांनी सुचवलेला इलाज चुकीचा नव्हता. पोटभर अन्न, स्वच्छ कपडे आणि ऐसपैस घर असेल तिथे उवांचे फारसे काही चालत नाही.

परतल्यावर आठवडाभरातच, मार्च १८४८ मध्ये, बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि हा तरुण डॉक्टर रस्त्यावरच्या अडथळ्यांमागे उभा राहिला. क्रांती फसली. सरकारची मर्जी गेली आणि १८४९ मध्ये त्यांना बव्हेरियातील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाची वाट धरावी लागली. बर्लिनला परतले ते १८५६ मध्ये, पण आता नामवंत प्राध्यापक म्हणून.

गटारांवरून एवढा वाद का?

१८५९ मध्ये ते नगरसेवक झाले. १८७१ मध्ये बर्लिनची लोकसंख्या ८ लाखांवर गेली होती, तरी सांडपाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून वाहत होते आणि मैला घराखालच्या खड्ड्यांत साठत होता. अभियंता जेम्स होब्रेख्त यांची योजना अशी : शहराचे १२ भाग करायचे, प्रत्येक भागातील मैलापाणी भुयारी गटारांतून पंपापर्यंत आणायचे आणि शहराबाहेरच्या शेतांवर सोडायचे. विरोधकांचे म्हणणे होते की मैला गाड्यांतून वाहून न्यावा, म्हणजे सोनखत वाया जाणार नाही. ही शंका वेडगळ नव्हती. खतासाठी शेतकरी आसुसलेले होतेच. पण खरी मेख पैशांत होती. नियमानुसार निम्मे नगरसेवक तरी घरमालक असत, आणि गटारजोडणीचा भुर्दंड घरमालकांवरच पडणार होता.

विर्शो यांच्या समितीने मृत्यूंचे आकडे, भूजल, खर्च यांचा कीस पाडून होब्रेख्त यांच्या बाजूने कौल दिला. १८७३ मध्ये काम सुरू झाले. घरे गटारांना जोडली जात गेली तसे शहरातील टायफॉइडचे मृत्यूही घटत गेले.

डुकराच्या मांसातील ट्रिकिनेला कृमींच्या बाबतीतही असेच झाले. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या गावात कच्चे मांस खाऊन शंभरेक माणसे दगावली. सूक्ष्मदर्शकाखाली मांसतपासणी सक्तीची करा, ही विर्शो यांची मागणी खाटिकांना पटेना. देशभर लागू होणारा कायदा व्हायला १९०० साल उजाडले. बिस्मार्क यांनी १८६५ मध्ये विर्शो यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले आणि विर्शो यांनी ते नाकारले, हे खरे. शस्त्र म्हणून त्यांनी कृमींनी भरलेले सॉसेज सुचवले, ही गोष्ट मात्र बहुधा नंतर रचलेली आहे.

मग ते चुकले कुठे?

प्रसूतिगृहात डॉक्टरांनी हात निर्जंतुक करावेत, हा इग्नाझ सेमेलवाइस यांचा आग्रह विर्शो यांनी मानला नाही. त्यांच्या शब्दाला तेव्हा केवढे वजन होते हे पाहता ही चूक लहान नव्हती. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जीवाणू दाखवला, तेव्हाही ते साशंकच राहिले. सगळा दोष जीवाणूवर गेला की भूक आणि अंधाऱ्या खोल्या विसरल्या जातील, ही भीती त्यामागे असावी. पण १८९० मध्ये कॉख यांनी क्षयावर ट्युबरक्युलिन हा उपाय जाहीर केला आणि जर्मनी हरखून गेली, तेव्हा मृत रुग्णांची शवविच्छेदने करून औषधाने रोग उलट पसरतो आहे, हे विर्शो यांनीच दाखवले.

विमा कायद्याची गोष्ट वेगळी. कामगारांच्या आजारपणाची जबाबदारी कायद्याने आणली ती १८८३ मध्ये बिस्मार्क यांनी. सरकारी सक्ती नको म्हणून विर्शो यांच्या उदारमतवादी पक्षाने या कायद्याला विरोध केला. १८४८ च्या अहवालाचा लेखक त्या बाकांवर बसलेला पाहणे आजही खटकते.

हॅम्बुर्गने काय दाखवले?

१८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने सुमारे ८,६०० बळी घेतले. तिथे एल्बे नदीचे पाणी न गाळताच नळाला येत असे. शेजारच्या आल्टोनात त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळले जाई आणि ते शहर बहुतांशी बचावले. जीवाणू कॉख म्हणत होते तोच होता. गाळणीवरचा खर्च मात्र हॅम्बुर्गच्या कारभाऱ्यांनी वर्षानुवर्षे लांबवला होता.

विर्शो तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. तरी नगरपालिकेचे आणि प्रयोगशाळेचे काम थांबले नव्हते. जानेवारी १९०२ मध्ये चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले आणि मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते नगरसेवक होते.