धनंजयराव गाडगीळ आणि प्रवरेच्या कालव्याचा हिशेब



आमच्या नेवासे तालुक्यात फिरलात तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. एका शिवारात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि तिथून थोड्याच अंतरावर बाजरी-तुरीचं जिरायत रान असतं. फरक कशानं पडला असं वर्गात विचारलं की सगळी मुलं एका सुरात पाणी म्हणतात. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. पाण्यानं नेमका किती फरक पडला आणि बाकीच्या गोष्टींनी किती, हे वेगळं कसं काढायचं? आपल्याच जिल्ह्यात हा प्रश्न घेऊन एक मोठे अर्थतज्ज्ञ येऊन गेले. त्यांचं नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ. आजच्या लेखात आपण त्यांचं आयुष्य पाहू आणि सोबत रिग्रेशनचा, म्हणजे पुस्तकी मराठीत समाश्रयणाचा, निकाल कसा वाचायचा तेही पाहू.

गाडगीळांचा जन्म 10 एप्रिल 1901 रोजी नाशिकला झाला. बालपण नागपुरात गेलं, पुढचं शिक्षण केंब्रिजला झालं. भारतातल्या उद्योगधंद्यांच्या वाढीवर त्यांनी तिथं लिहिलेला प्रबंध 1924 मध्ये पुस्तकरूपानं आला, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं तेवीस. परत आल्यावर थोडा काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काढला, मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य झाले. 1930 मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुढची छत्तीस वर्षं त्यांनी ती सांभाळली.

त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे बहुधा इंग्रजी ग्रंथांवरची चर्चा. गाडगीळांनी मात्र माणसं प्रश्नावल्या देऊन गावोगाव पाठवली. पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी झाली, वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च मांडला गेला, पुणे शहरातल्या कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. आणि मग आपल्या भागातली पाहणी आली, गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची. तिचा अहवाल 1948 मध्ये छापला गेला.

इथं जरा थांबू या, कारण खरी गंमत इथंच आहे. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं. सरकारी हिशेब साधा असायचा: धरणाला खर्च किती, त्यावर व्याज किती, आणि पाणीपट्टीतून वसूल किती? व्याजाएवढी वसुली नाही, म्हणजे काम तोट्याचं. गाडगीळांचा मुद्दा असा की कालव्याचा फायदा पाणीपट्टीच्या पावतीत मावत नाही. मजुराला काम मिळतं, गाडीवानाला भाडं मिळतं, बाजारपेठ वाढते, सरकारचं इतर उत्पन्नही वाढतं. म्हणून प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही फायदे मोजायचे. पण मोजायचे कशाच्या तुलनेत?

कालवा येण्यापूर्वीचं गाव आणि नंतरचं तेच गाव अशी तुलना केली तर अडचण येते. मधल्या काळात जगही बदललेलं असतं. 1932 मध्ये साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण मिळालं आणि कारखाने भराभर निघाले. मग वाढ कालव्याची म्हणायची की जकातीची? म्हणून पाहणीत कालव्याखालची गावं घेतली आणि कालव्याबाहेरची जिरायत गावंही घेतली. पण दुसरा पेच आहेच. कालव्यावर सासवडकडचे माळी बागायतदार येऊन राहिले होते. उसाचा अनुभव आणि भांडवल ते बरोबरच घेऊन आले होते. त्यांचं उत्पन्न जास्त असेल तर ते पाण्यामुळं, की त्यांच्या हातच्या कसबामुळं?

गाडगीळांच्या काळी असं काम कोष्टकं मांडून, हातानं बेरजा करून चालायचं. आज संगणक रिग्रेशन करतो. पण निकाल वाचताना विचारायचा प्रश्न तोच राहतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा 40 गावांची माहिती आहे. गावातलं किती टक्के क्षेत्र बागायत आहे आणि एकरी उत्पन्न किती, एवढंच आपण संगणकाला दिलं. सहगुणक आला 12. म्हणजे बागायत 1 टक्क्यानं जास्त असलेल्या गावात एकरी उत्पन्न सरासरीनं 12 रुपयांनी जास्त दिसतं. 'दिसतं' हा शब्द मुद्दाम वापरलाय, 'होतं' असं अजून म्हणता येत नाही. आता त्यात जमिनीची खोली आणि बाजाराचं अंतर घातलं, आणि 12 चे झाले 7. उरलेले 5 रुपये गेले कुठं? ते मुळात पाण्याचे नव्हतेच, काळ्या जमिनीचे आणि जवळच्या रस्त्याचे होते आणि पाण्याच्या नावावर जमा झाले होते. आता 7 चा अर्थ असा: जमीन आणि अंतर सारखं असलेल्या दोन गावांत, 1 टक्का जास्त बागायतीमागं 7 रुपयांचा फरक. माळ्यांचं कसब मात्र आपण मोजलेलंच नाही. ते अजून त्या 7 मध्येच लपलेलं असू शकतं.

शेजारी प्रमाण त्रुटी लिहिलेली असते, ती सोडून पुढं जाऊ नका. त्रुटी 2 असेल तर खरा आकडा साधारण 3 ते 11 च्या दरम्यान असावा. त्रुटी 5 असेल तर उणे 3 ते 17, म्हणजे परिणाम आहे की नाही हेच सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही म्हणजे परिणाम शून्य, असंही नव्हे. ही चूक भलेभले करतात, मीही केली आहे.

अजून एक. आपल्या 40 गावांत बागायत 40 टक्क्यांच्या पुढं नसेल, तर 90 टक्क्यांच्या गावाबद्दल त्या रेषेवरून बोलू नये. जास्त पाण्यानं जमिनी चोपण होतात हे कालव्याखालच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. रेषा सरळ जाते, जमीन जात नाही.

पालकांसाठी म्हणून सांगतो. घरी टॅब असलेल्या मुलांना जास्त गुण मिळतात, असलं काही मोबाईलवर आलं तर दुकानात जाण्याआधी एवढंच विचारा, की ज्या घरात टॅब आहे त्या घरात आणखी काय काय आहे?

असो, गाडगीळांकडे परत येतो. अहवाल छापून ते मोकळे झाले नाहीत. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढायचं मनावर घेतलं, तेव्हा गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950-51 मध्ये प्रवरेचा पहिला गाळप हंगाम झाला. ज्या कालव्याचा हिशेब मांडला, त्याच कालव्याच्या उसावर हा कारखाना चालला.

1967 मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं सूत्र चौथ्या योजनेसाठी ठरलं, तेच गाडगीळ सूत्र. त्यात लोकसंख्येला 60 टक्के वजन होतं; कमी दरडोई उत्पन्न, कर गोळा करण्याचा प्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी 10 टक्के. वरवर हे रिग्रेशनच्या समीकरणासारखं दिसतं आणि विद्यार्थी इथं हमखास गोंधळतात. पण हे 60 आणि 10 माहितीतून निघालेले नाहीत, ते चर्चेतून ठरवलेले आहेत. सहगुणक जे आहे ते सांगतो, वजन काय असावं ते सांगतं. सहगुणकाची चूक पाहणीत शोधायची, वजनाशी मतभेद असेल तर भांडायचं. राज्यं भांडलीही, आणि सूत्र पुढं बदललंही.

गाडगीळ ते पाहायला नव्हते. 1971 मध्ये आयोगाचं काम सोडून दिल्लीहून परतताना, 3 मे रोजी प्रवासातच त्यांचं निधन झालं. आमच्या तालुक्यात मुळा धरणाचं पाणी खेळायला लागलं ते त्यानंतरच.