ॲनी ओकली

ॲनी ओकली (जन्मनाव: फीबी ॲन मोझी, १३ ऑगस्ट, इ.स. १८६० - ३ नोव्हेंबर, इ.स. १९२६) या अमेरिकन नेमबाज होत्या. बफेलो बिलच्या वाइल्ड वेस्ट या फिरत्या खेळामुळे त्या अमेरिकेत व युरोपात प्रसिद्ध झाल्या.

बालपण

त्यांचा जन्म ओहायो राज्यातील डार्क काउंटीत झाला. इ.स. १८६६ मध्ये वडील वारल्यावर कुटुंबाची परिस्थिती हलाखीची झाली आणि ॲनींना काही काळ गरीबगृहात व परक्या घरी काढावा लागला. परतल्यावर त्या ससे, लावे यांची शिकार करून ग्रीनव्हिलच्या दुकानदारांना विकू लागल्या. या कमाईतून त्यांनी आईच्या शेतावरील गहाण फेडले. विक्रीसाठी मारलेल्या जनावराचे मांस फाटता कामा नये, म्हणून त्या डोक्यावरच नेम धरीत असे सांगितले जाते.

नेमबाज फ्रँक बटलर यांना त्यांनी सामन्यात हरवले आणि पुढे त्यांच्याशीच विवाह केला. हा सामना इ.स. १८७५ मध्ये झाला की १८८१ मध्ये, याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत.

काडतुसांची निवड

पॉइंट २२ या रिमफायर काडतुसात पेट घेणारे रसायन बुडाच्या पोकळ कडेत असते आणि बंदुकीचा घोडा त्या कडेवर आघात करतो. पत्रा पातळ असल्याने दारू थोडीच भरता येते. त्यामुळे धक्का व आवाज कमी असतो, पण वापरलेले काडतूस पुन्हा भरता येत नाही. इ.स. १८५७ मधील शॉर्ट काडतुसाची गोळी २९ ग्रेनची होती. इ.स. १८८७ मध्ये आलेल्या लाँग रायफल काडतुसात ४० ग्रेनची गोळी आली. जवळच्या निशाण्यावरील सरावाला पहिले पुरेसे होते; ससा-खारीची शिकार व लांबचा निशाणा यांसाठी दुसरे अधिक उपयुक्त ठरले.

प्रेक्षकांसमोर हवेतील काचगोळे फोडताना मात्र ओकली बहुधा छर्रे वापरीत. पॉइंट २२ची गोळी एक किलोमीटरहून दूर जाऊ शकते. चुकलेली गोळी मैदानाबाहेर कोणाच्याही अंगावर पडली असती. छर्रे पसरत असल्याने ही फसवणूक असल्याचा आक्षेप घेतला गेला. त्यांचे आकडे पाहता तो टिकत नाही. इ.स. १८८४ मध्ये टिफिन येथे स्टीव्हन्सच्या पॉइंट २२ रायफलीने त्यांनी १००० पैकी ९४३ काचगोळे फोडले, म्हणजे शेकडा ९४.३. पुढच्या वर्षी छर्र्यांच्या बंदुका स्वतः भरत नऊ तासांत ५००० पैकी ४७७२ फोडले, म्हणजे शेकडा ९५.४. एकेरी गोळी व छर्रे यांतील हा फरक एका टक्क्याच्या आसपासच आहे.

उत्तरायुष्य

इ.स. १८८५ मध्ये त्या वाइल्ड वेस्टमध्ये दाखल झाल्या. सिटिंग बुल या लाकोटा प्रमुखाने त्यांना मानसकन्या मानले होते. इ.स. १८९४ मध्ये एडिसन यांच्या कंपनीने त्यांच्या नेमबाजीचा छोटा चित्रपट घेतला. त्यांचे नाव सांगणाऱ्या दुसऱ्याच एका स्त्रीच्या अटकेवरून, इ.स. १९०३ मध्ये, कोकेनसाठी चोरी केल्याची बातमी त्यांच्या नावावर छापली गेली. त्यांनी वृत्तपत्रांवर ५५ खटले भरले. एक वगळता सर्वांत त्या जिंकल्या किंवा तडजोड झाली. स्त्रियांनी बंदूक हाताळायला शिकावे हा त्यांचा आग्रह होता व हजारो स्त्रियांना त्यांनी शिकवले.

ग्रीनव्हिल येथे त्यांचे निधन झाले. बटलर त्यानंतर १८ दिवसांनी वारले.