देवीच्या साथीत मागे राहिलेले धर्मगुरू



संत जोसेफ वाझ यांचे नाव आपण लितानीत घेतो, त्यांची तसबीरही काहींच्या घरी असेल. श्रीलंकेचे प्रेषित एवढे आपल्याला ठाऊक असते. आज त्यांच्या आयुष्यातील एकाच वर्षाविषयी थोडे सविस्तर लिहितो. बाकीचे थोडक्यात.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात बाणावली या आजोळच्या गावी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. तिकडे सिलोनमध्ये डचांनी १६५८ साली पोर्तुगीजांचा शेवटचा किल्ला घेतला होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. तेथील भाविक मिस्साबलीवाचून, पापनिवेदनावाचून दिवस काढीत होते. हे ऐकून फादर वाझ १६८७ साली गरीब मजुराच्या वेषात, अनवाणी, जाफन्याला उतरले. उतरताच हगवणीने असे आजारी पडले की मरणाच्या दारात गेले. अनोळखी लोकांनी दिलेल्या अन्नावर ते तगले. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पुढे ते बेटाच्या मध्यभागी असलेल्या कँडीच्या स्वतंत्र राज्यात गेले. पोर्तुगीजांचा हेर समजून राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने १६९२ साली त्यांना कैदेत टाकले. तुरुंगात ते सिंहली शिकले. हळूहळू पहारा सैल झाला आणि तेथेच एक लहानसे चर्च उभे राहिले.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. आपल्यातील वयस्करांना देवी म्हणजे काय ते सांगायला नको. तोंडावर वण घेऊन वावरणारी माणसे त्यांनी पाहिली आहेत. लस शोधायला अजून ९९ वर्षे होती. रोग श्वासातून, अंथरुणातून, खपल्यांतून पसरे. राजा आणि दरबारी राजधानी सोडून गेले. घरात कुणाला ताप येऊन पुरळ उठले की घरचेच त्याला रानात नेऊन सोडीत. त्यांना निर्दय म्हणण्याची घाई मी करणार नाही. २०२० आणि २०२१ साली आपणही शेजाऱ्याचे दार बंद पाहून पावले मागे घेतली होती. भीतीपुढे नाते कसे पातळ होते हे आपण पाहिले आहे.

फादर वाझ मात्र गेले नाहीत. त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो त्यांच्यासोबत होते. दोघांनी टाकून दिलेल्या रोग्यांसाठी आसरे उभारले, ओस पडलेल्या घरांत त्यांना आणून ठेवले. जखमा धुणे, भरविणे, घाण काढणे, औषधपाणी करणे ही सारी कामे ते स्वतः करीत. कुणी मेला तर खड्डा खणून पुरीत. एक-दोन आठवडे नव्हे, साथ ओसरेपर्यंत हे चालले. रोग्यांत ख्रिस्ती थोडे, बौद्ध फार. फादर वाझ आले होते ते आपल्या विखुरलेल्या कळपासाठी. तेवढ्यांचीच काळजी घेतली असती तरी कुणी बोल लावला नसता.

येथे एक प्रश्न मला छळतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांटचा विचार आम्ही वाचला होता: माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. फादर वाझ मिशनरी होते. मरणोन्मुख माणसाची इच्छा असली तर ते स्नानसंस्कार देत. हे लपविण्याचे कारण नाही. मग ही सेवा म्हणजे आमिष होते काय? मी पुष्कळ विचार केला आणि दर वेळी त्या खड्ड्यांपाशी येऊन थांबलो. ज्याचे कुणी नाही, जो उद्या जगणार नाही, ज्याच्या मरणाचा साक्षीदारही नाही, अशा बौद्ध माणसाचे प्रेत उचलून कोणता लाभ पदरात पडणार होता? शिवाय कँडीच्या लोकांना करुणा हा शब्द नवा नव्हता. बुद्धाच्या शिकवणुकीतून तो त्यांच्या रक्तात होता. म्हणूनच हा परका संन्यासी काय करतो आहे ते त्यांनी चटकन ओळखले असावे.

राजानेही ते ओळखले. तो निष्ठावंत बौद्ध होता आणि शेवटपर्यंत बौद्धच राहिला. पण ज्याला त्याने हेर म्हणून कोंडले होते, त्यालाच साथीनंतर राज्यात मोकळेपणाने फिरून काम करण्याची मुभा दिली.

त्यानंतर फादर वाझ बेटभर पायी फिरत राहिले. गोव्याहून आणखी ओरेटोरियन धर्मगुरू येऊन मिळाले. प्रवासाने आणि आजाराने शरीर झिजले होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी प्राण सोडला. त्याच गावी त्यांना पुरले. पुढे तेथील चर्च पाडले गेले आणि त्यांची कबर नेमकी कुठे होती, हे पुढच्या पिढ्यांना सापडले नाही. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या समुद्रकिनाऱ्यावर संतपद दिले. १६ जानेवारी हा त्यांचा सण.

तुमचा,
धर्मगुरू