यश पाहण्याआधीच...

मूकपटांच्या काळात संकलनाच्या टेबलावर सॅम झिम्बालिस्ट यांची हॉलिवूडमधील कारकीर्द सुरू झाली. त्यांनी संकलित केलेला ‘द ब्रॉडवे मेलडी’ (१९२९) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा पहिला बोलपट ठरला. पुढे एमजीएमचे निर्माते म्हणून ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ (१९५०) आणि ‘क्वो वादिस’ (१९५१) हे भव्य चित्रपट त्यांनी पडद्यावर आणले. अडचणीत सापडलेल्या एमजीएमने ‘बेन-हर’वर सुमारे दीड कोटी डॉलर पणाला लावले, तेव्हा तो भारही त्यांनीच पेलला. मात्र, रोममध्ये चित्रीकरण सुरू असतानाच ४ नोव्हेंबर १९५८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. १९६० मध्ये ‘बेन-हर’ने विक्रमी ११ ऑस्कर पटकावली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान झिम्बालिस्ट यांना मरणोत्तर लाभला. तो स्वीकारला पत्नी मेरी यांनी.