चार्ल्स डॉज : तपासनिसाची पेढी

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीने द्यावयाच्या युद्धभरपाईचे हप्ते ठरविणारी १९२४ ची डॉज योजना इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. तिचे कर्ते चार्ल्स गेट्स डॉज यांना १९२५ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक ऑस्टेन चेंबरलेन यांच्यासमवेत मिळाले. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्षपदही त्यांनी भूषविले. परंतु मुळात ते पेढीवाले, आणि त्याही आधी पेढ्यांचे तपासनीस.

२७ ऑगस्ट १८६५ रोजी ओहायो राज्यातील मॅरिएटा येथे त्यांचा जन्म झाला. नेब्रास्कात वकिली करीत असताना त्यांनी १८९३ चे आर्थिक अरिष्ट जवळून पाहिले. पुढे मॅकिन्ली यांच्या निवडणुकीत इलिनॉयमधील प्रचाराची धुरा वाहिली, आणि १८९८ मध्ये त्यांची 'कॉम्प्ट्रोलर ऑफ द करन्सी' या पदावर नेमणूक झाली. नावात चलन असले तरी काम राष्ट्रीय बँकांवर देखरेख ठेवण्याचे. बँक बुडाली तर भागधारकांकडून भागाच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम आणखी वसूल करण्याचा अधिकार या पदाला होता. बुडीत बँकांची अडीच कोटी डॉलरहून अधिक येणी डॉज यांच्या कारकीर्दीत वसूल झाली.

१९०१ मध्ये त्यांनी हे पद सोडले. सिनेटवर जाण्याची आकांक्षा मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर मावळली, तेव्हा १९०२ साली त्यांनी शिकागोत सेंट्रल ट्रस्ट कंपनी स्थापिली. या पेढीच्या इतिहासातील १९१२ चे प्रकरण मात्र त्यांना शोभणारे नव्हते. विल्यम लोरिमर यांच्या बँकेला सरकारी तपासनिसास दाखविण्यापुरती साडेबारा लाख डॉलरची रोकड या पेढीने दिली आणि लगोलग परत घेतली. दोन वर्षांत लोरिमर यांची बँक बुडाली, आणि डॉज यांच्या पेढीवर न्यायालयाने दायित्व ठेवले. तपासणीचे मर्म जाणणाऱ्या गृहस्थाला हा व्यवहार निव्वळ मैत्रीचा वाटावा, याचे नवल वाटते. त्याच वर्षी त्यांचा तरुण पुत्र रूफस बुडून मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी शिकागो व बोस्टन येथे निराधार पुरुषांसाठी स्वस्त निवासगृहे काढली.

खरी कसोटी १९३२ मध्ये लागली. डळमळत्या बँकांना कर्जे देण्यासाठी सरकारने स्थापिलेल्या रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशनचे ते पहिले अध्यक्ष. जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि आपल्या पेढीकडे धाव घेतली. विलीनीकरणानंतर ती आता सेंट्रल रिपब्लिक बँक झाली होती. शिकागोतील लहान बँका त्या महिन्यात एकामागून एक बंद पडत होत्या. ठेवी झपाट्याने आटत असल्यामुळे सोमवारी पेढी उघडायचीच नाही, असा डॉज यांचा निर्धार होता, असे महामंडळाचे संचालक जेसी जोन्स यांनी पुढे नमूद केले. ही पेढी गेली तर शहरातील उरलेल्या मोठ्या बँकाही टिकणार नाहीत, या धास्तीने महामंडळाने सुमारे नऊ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. राजीनाम्याला तीन आठवडेच झाले होते. बुडालेल्या लहान बँकांच्या ठेवीदारांना काय वाटले असेल, हे सांगावयास नको. निवडणुकीच्या त्या वर्षी टीकेचे मोहोळ उठले.

पेढी तरीही वाचली नाही. ऑक्टोबरमध्ये डॉज यांनी सिटी नॅशनल बँक उभारून ठेवीदारांच्या ठेवी तिच्याकडे सोपविल्या, आणि २३ एप्रिल १९५१ रोजी निधन होईपर्यंत ते तिचे अध्यक्ष राहिले. कर्जाच्या वसुलीसाठी महामंडळाने जुन्या पेढीच्या भागधारकांवर दावा लावला, आणि भागांच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम त्यांना भरावी लागली. त्या भागधारकांत डॉज बंधूंची कंपनीही होती.