पीएचचे जनक सोरेन्सन

आमच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाच्या कूलिंग वॉटरचा नमुना नियमित तपासतात आणि रजिस्टरमध्ये त्याचा पीएच लिहितात. पाणी आम्लधर्मी झाले तर आतला धातू खाल्ला जातो, म्हणून हा आकडा ७ च्या वर राखावा लागतो. गावाकडे माती परीक्षणाच्या अहवालात तोच ‘सामू’ म्हणून येतो. हा आकडा देणाऱ्या सोरेन सोरेन्सन यांचे नाव मात्र डिप्लोमाच्या तीन वर्षांत माझ्या कानावर आले नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी.

सोरेन्सन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमध्ये, शेतकऱ्याच्या घरी झाला. कोपनहेगन विद्यापीठात ते गेले वैद्यकी शिकायला, पण रसायनशास्त्राची गोडी लागली आणि वैद्यकी सुटली. १९०१ मध्ये ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायन विभागाचे प्रमुख झाले. ही प्रयोगशाळा बीअरच्या कारखान्याची! (गणपतीच्या स्मरणिकेत हा उल्लेख आला, वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.) मालक जेकबसेन यांनी १८७५ मध्ये ती काढली आणि इथला कोणताही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही, असा दंडक घातला. एका कारखानदाराने असे ठरवावे, हे मला शोधाइतकेच मोठे वाटते.

सोरेन्सन यांचा विषय होता प्रथिने आणि विकरे, म्हणजे एन्झाइम्स. आम्लतेत थोडा फरक पडला तरी विकरांचे काम मंदावते. पण किती आम्ल ओतले यावरून खरी आम्लता कळत नाही. व्हिनेगरमधले आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सारख्याच प्रमाणात घेतले, तरी दुसरे कितीतरी जहाल ठरते, कारण पाण्यात त्याचे हायड्रोजन आयन जवळजवळ सगळे सुटे होतात. मोजायचे ते हे सुटे आयन. शुद्ध पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, ते लिटरमागे ०.००००००१ मोल असतात. यातले एक शून्य लिहिताना गळले की हिशेब दहापट चुकला!

१९०९ मध्ये सोरेन्सन यांनी इथे लॉगॅरिथम वापरला. वरच्या आकड्यातला १० चा घात तेवढा घेतला, त्याचे उणे चिन्ह काढले आणि उरले साधे ७. त्याखाली आम्ल, वर आम्लारी. एक पायरी म्हणजे दहापट, त्यामुळे पीएच ४ चे पाणी ७ च्या पाण्यापेक्षा हजारपट आम्ल. त्याच लेखात त्यांनी ठरावीक पीएचची द्रावणे आणि रंग बदलणारे दर्शक यांची माहितीही दिली, म्हणजे दुसऱ्यांनाही मोजता यावे. पत्नी मार्गरेथ होयरुप यांनीही त्यांच्याबरोबर संशोधन केले. नोबेल त्यांना मिळाले नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते वारले. त्याआधीच, १९३४ मध्ये, अमेरिकेत बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी पीएच मीटर तयार केला होता.