दोनदा शून्यापासून सुरुवात करणारा माणूस : लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव किर्लोस्कर

महाड : 22 जुलै 2021 ची रात्र बाजारपेठेतला कुठलाच दुकानदार विसरणार नाही. सावित्री आणि गांधारीचं पाणी शटरच्या वर गेलं आणि वर्षानुवर्षांचा माल एका रात्रीत चिखल झाला. त्यानंतर अनेकांनी पुन्हा दुकान उभं केलं, काहींनी कायमचं बंद केलं. महाड-पोलादपूरच्या तरुणांना धंद्याच्या गोष्टी सांगताना सगळे पहिल्या सुरुवातीचंच सांगतात. खिशात दमडी नव्हती, मग मेहनत केली, मग मोठा झाला. पण जमलेला धंदा मोडल्यावर चाळिशीत पुन्हा पहिल्यापासून कसं उभं राहायचं, हे फार कमी लोक सांगतात. ते सांगायचं तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आयुष्य बघावं लागतं. विहिरीवरच्या पंपावर हे नाव आपण सगळ्यांनीच वाचलेलं आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावात झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे जाणकार. मुलाचं मन मात्र पुस्तकात नव्हतं, चित्रं काढण्यात आणि यंत्रं खोलून बघण्यात होतं. शाळेत काही जमेना. मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कला शाळेत दाखल झाले. तिथे काही काळाने लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला रंगच दिसत नाहीत म्हटल्यावर दुसरा कोणी गाव गाठून गप्प बसला असता. यांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यंत्रांचे आराखडे काढायला शिकले आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची नोकरी मिळवली. पगार महिना 45 रुपये. तिथल्या यंत्रशाळेत त्यांनी स्वतःचे हातही काळे करून घेतले.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. हे घर अगदी उपाशी नव्हतं. शिक्षणाची परंपरा होती, मदत करणारा भाऊ होता. पण भांडवल नव्हतं आणि धंद्याचा वारसाही नव्हता. आपल्याकडे दहावी-बारावी करून मुंबईला चाळीत राहायला गेलेल्या पोरांची जी स्थिती असते, तिच्या फार पलीकडची ही स्थिती नव्हती.

तेव्हा सायकल ही नवलाची वस्तू होती. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवायचे, बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात 1888 पासून मोजतो, ती या सायकलच्या दुकानापासून. पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वर घेतलं. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात छोटा कारखाना सुरू झाला. आधी कडब्याची कुट्टी करायचं यंत्र काढलं. मग परदेशी नांगर समोर ठेवून लोखंडी नांगर तयार केला. माल चांगला होता, पण घ्यायला कोणी तयार होईना. लोखंडामुळे जमिनीत विष पसरतं, पीक जळतं, असा शेतकऱ्यांचा पक्का समज. आज आपल्याला हसू येईल, पण आपल्या भातखाचरात पहिला पॉवर टिलर उतरला तेव्हा म्हातारी माणसं बांधावर उभी राहून कशी बघत होती ते आठवा. ज्याचं पोट वर्षातून एका पिकावर आहे, तो नव्या अवजाराला सहजासहजी हात लावत नाही. त्यात त्याची चूक नसते.

पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली!

ही दोन वर्षं म्हणजे या सगळ्या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग, असं आम्हाला वाटतं. कारखाना चालू, कामगारांची मजुरी चालू आणि मुख्य माल कोपऱ्यात पडून. या काळात त्यांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून नांगर मोडीत काढला नाही आणि सगळा जीव एकाच मालावर टांगूनही ठेवला नाही. जे खपत होतं ते विकत राहिले. एकाने नांगर घेतला, त्याच्या शेतात तो चालला, पीक जळलं नाही, हे शेजाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं आणि मग गिऱ्हाईक यायला लागलं. गावाकडे आजही माल असाच खपतो. मोबाईलवरच्या जाहिरातीपेक्षा शेजारच्या बांधावर काय चाललंय याला जास्त वजन असतं.

आणि आता कुठे घडी बसत होती, तर जागा गेली. बेळगावच्या नगरपालिकेला नवी वस्ती वसवायची होती, तिच्यात कारखान्याची जमीन आली. उठा म्हणून हुकूम झाला. यंत्रं, भट्टी, कच्चा माल, कामाला लागलेली माणसं आणि वय चाळीस. कुठे जायचं?

इथे आधी केलेलं एक काम उपयोगी पडलं. औंध संस्थानात देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी घेतलं होतं आणि ते चोख करून दिलं होतं. संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि बिनव्याजी कर्जही दिलं. आजच्या भाषेत त्याला काहीही म्हणा, पण ते पैसे प्रोजेक्ट रिपोर्ट बघून मिळाले नव्हते, आधीच्या कामाच्या खात्रीवर मिळाले होते.

जमीन कसली, माळरानच. निवडुंगाची दाटी, खडक, पाण्याची ओढ आणि जागोजागी नाग. जमेची बाजू एकच, रेल्वे. कोळसा आणि लोखंड दाराशी उतरणार आणि तयार नांगर तिथूनच रवाना होणार. 10 मार्च 1910 ला तिथे मुक्काम पडला. पत्नी राधाबाई सोबत होत्या, मुलगा शंतनू जेमतेम सहा-सात वर्षांचा. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुळकर्णी यांच्यासारखे सहकारी सुरुवातीपासून खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पत्र्याखाली, झोपड्यांत राहून आधी निवडुंग तोडला आणि मग कारखाना उभा केला. राखणीला तर संस्थानच्या तुरुंगात शिक्षा भोगलेली माणसं ठेवली. लोकांनी वेड्यात काढलं असणार, पण त्या माणसांनी विश्वास राखला. या वसाहतीचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं. तिथे शिवाशिव पाळायची नाही, हा नियम होता. आपल्या महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो 1927 साली. त्याच्याही आधी एका कारखानदाराने आपल्या वस्तीपुरतं हे करून दाखवलं, हे महाडकरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. परदेशी नांगर यायचे थांबले, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. पण लोखंडच मिळेना, कोळसा मिळेना, रंगसुद्धा मिळेना. रंग त्यांनी स्वतः बनवायला घेतला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगराचे फाळ झाले. रायगडावर तोफा बघत मोठे झालेल्या आपल्या लोकांना ही गोष्ट कशी वाटेल सांगता येत नाही. काहींना वाईट वाटेल. पण पडून गंजणाऱ्या लोखंडाने शेत नांगरलं, हेही खरंच.

पुढचा प्रवास वेगाने झाला. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, लोखंडी फर्निचर आणि मग पाण्याचे पंप. त्याच सुमारास निघालेलं किर्लोस्कर मासिक मराठी घरांत अनेक वर्षं वाचलं गेलं. शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन आले आणि त्यांनी हा पसारा देशभर नेला. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 साली, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आज महाड एमआयडीसीत रोजंदारीवर जाणारी, बिरवाडी नाक्यावर टपरी टाकायचा विचार करणारी, पोलादपुरात वडिलांचं गॅरेज पुढे चालवणारी अनेक मुलं आहेत. पुरात दुकान गेलं त्यांच्यातले काही अजून कर्जाचे हप्ते फेडतायत. लक्ष्मणरावांचं बेळगाव सुटलं तेव्हा त्यांच्याकडे उरलं होतं ते हातातलं काम, सोबत यायला तयार असलेली चार माणसं आणि आधी चोख केलेल्या कामाची आठवण ठेवणारा एक गिऱ्हाईक. एवढ्यावर 32 एकर माळ हिरवा झाला.

कुणाला जाऊन बघायचं असेल तर किर्लोस्करवाडी फार लांब नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, वाई, साताऱ्यावरून कराड गाठायचं. पुढे पुणे-मिरज रेल्वेमार्गावर ते स्टेशन लागतं, जुनं कुंडल रोड. फक्त पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का, तेवढं विचारून घ्या.